ड्रेस्डेनची मोलकरीण आणि २१ डिसेंबरचं डुक्कर

१२ जानेवारी १८६० रोजी ड्रेस्डेनच्या शहर रुग्णालयात वीस वर्षांची एक मोलकरीण दाखल झाली. नाताळच्या सुमारास तिचं बिनसलं होतं. अंगात त्राण नाही, झोप नाही, अन्नावर वासना नाही, पोट साफ होत नाही, वर ताप आणि पोटात दुखणं. डॉक्टरांनी टायफॉइड धरला. प्लीहा वाढलेली नव्हती, अंगावर टायफॉइडचे गुलाबी ठिपकेही नव्हते. पण टायफॉइड ओळखायची रक्ताची कोणतीही तपासणी नसलेल्या त्या काळात आठवड्याहून जास्त टिकलेल्या तापाला टायफॉइड म्हणणं हा शहाणा अंदाजच होता. मी त्या वॉर्डात असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

पुढे जे झालं ते टायफॉइडच्या चौकटीत बसेना. तिचं सगळं अंग दुखू लागलं, विशेषतः हातपाय. ही दुखणी सांध्यांची नव्हती, मांसाची होती. गुडघे आणि कोपरं आखडून वाकडी झाली. सरळ करायला गेलं की ती किंचाळायची. रात्रंदिवस कण्हणं चालू. पायांवर सूज चढली. शेवटी फुप्फुसांनी दगा दिला आणि २७ जानेवारीला ती गेली. तिचं नाव मला कुठे सापडलेलं नाही. वैद्यकाच्या इतिहासात ती 'त्सेंकरची रुग्ण' म्हणूनच उरली.

फ्रीडरिश आल्बर्ट त्सेंकर हे त्या रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ. वय ३४, जन्म ड्रेस्डेनचाच. त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात एकच विषय होता: टायफॉइडमध्ये स्नायूंचं काय होतं? (पुढे १८६४ मध्ये त्यांनी यावर ग्रंथ लिहिला, स्नायूतंतू काचेसारखे होऊन तुटतात त्या बदलाला आजही त्यांचंच नाव आहे.) म्हणून या 'टायफॉइड'च्या मुलीच्या दंडातला स्नायूचा एक तुकडा त्यांनी मुद्दाम सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. दुसऱ्या कुणी शवविच्छेदन केलं असतं तर आतडं बघितलं असतं, टायफॉइडचे व्रण नाहीत म्हणून खांदे उडवले असते, फुप्फुसं बघून 'न्यूमोनिया' लिहिलं असतं आणि मुलीला पुरून टाकलं असतं. निदान चुकलं होतं, पण त्या चुकीनेच त्यांना योग्य जागी नेलं.

स्नायूत काचेसारखे तंतू नव्हते. अळ्या होत्या. भिंगाखाली एका नजरेत मावेल तेवढ्या भागात डझनांनी, काही वेटोळ्या घातलेल्या, काही सरळ पसरलेल्या, आणि जिवंत. कुणाभोवतीही कवच नव्हतं; त्या स्नायूतंतूंमध्ये मोकळ्या पडलेल्या होत्या.

या 'मोकळ्या' शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे.

त्सेंकरना ही अळी ओळखीची होती. युरोपातल्या शवविच्छेदन करणाऱ्यांना ती पंचवीस वर्षं माहीत होती. १८३५ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट नावाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी एका मृतदेहाची चिरफाड बघत होता. स्नायूंत चुन्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते. असे ठिपके शस्त्राची धार बोथट करतात, म्हणून लोक वैतागायचे आणि पुढे जायचे. पॅजेट वैतागला नाही. भिंग शोधलं, आणि ठिपक्यात गुंडाळलेला बारीक कृमी दिसला. त्याचं रीतसर वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केलं आणि नाव दिलं ट्रायकिना स्पायरॅलिस. आज आपण ट्रायकिनेला म्हणतो. पुढे १८४६ मध्ये अमेरिकेत जोसेफ लायडी यांना हाच कृमी डुकराच्या मांसात दिसला.

तर कृमी माहीत, डुकरात असतो हेही माहीत. पण तोपर्यंत माणसात दिसलेले बहुतेक सगळे ट्रायकिना म्हातारे होते: चुन्याच्या कवचात बंद, क्षयाने किंवा अपघाताने किंवा आणखी कशाने मेलेल्या माणसाच्या मांसात योगायोगाने सापडलेले. त्या माणसाला त्यांनी कधी त्रास दिला होता का, हे विचारायला माणूसच उरलेला नसायचा. त्यामुळे वैद्यकाचं सर्वसाधारण मत असं बनलं होतं की ही एक निरुपद्रवी गंमत आहे, घराच्या भिंतीत पाल असावी तशी. त्सेंकरसमोर मात्र पहिल्यांदा अशी व्यक्ती आली होती जिच्या अंगात कवच बांधायला वेळ मिळालेला नव्हता. अळ्या नुकत्याच पोचल्या होत्या. आणि ती दुसऱ्या कशानेही मेलेली नव्हती.

त्सेंकरनी मग आतड्यातला बुळबुळीत स्राव तपासला. त्यातही कृमी होते, पण हे वेगळे: पूर्ण वाढलेले नर आणि माद्या, आणि माद्यांच्या पोटात पिल्लं. म्हणजे आतड्यात आईबाप, स्नायूत लेकरं.

हे आज पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल, तेव्हा मात्र यावर भांडणं चालू होती. कुखेनमाइस्टर, ज्यांनी फाशीच्या कैद्याला पट्टकृमीच्या पुटी खायला घालून मरणोत्तर त्याच्या आतड्यात कृमीची पिल्लं दाखवली होती, त्यांचं म्हणणं होतं की ट्रायकिना म्हणजे दुसऱ्याच एका, चाबकासारख्या दिसणाऱ्या आतड्यातल्या कृमीची बालावस्था. रुडॉल्फ लॉयकार्टसारखा मोठा प्राणिशास्त्रज्ञही काही काळ त्याच वाटेने गेला होता. बर्लिनचे नामांकित विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५९ मध्ये माणसाचं ट्रायकिनावालं मांस कुत्र्याला खाऊ घातलं होतं आणि साडेतीन दिवसांत कुत्र्याच्या आतड्यात वयात आलेले कृमी पाहिले होते. पण कुत्र्याचं आतडं म्हणजे माणसाचं आतडं नव्हे.

त्सेंकरनी स्नायूचे तुकडे फिर्खो आणि लॉयकार्ट या दोघांकडे पाठवले. आपला शोध कुणी चोरील म्हणून कुलुपात ठेवले नाहीत. दोघांनी प्राण्यांवर प्रयोग केले, आणि वर्ष संपायच्या आत चाबकी कृमीचा वाद मिटला.

डॉक्टर स्वयंपाकघरात

मी अनेक वर्षं पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मांस-तपासणी शिकवली. हे प्रकरण मी त्यांना ज्या गोष्टीसाठी सांगायचो ती सूक्ष्मदर्शकात नाही. ती पुढे आहे.

अळी सापडली, आतड्यात तिचे आईबाप सापडले. निबंध लिहायला एवढं पुरेसं होतं. त्सेंकर तिथे थांबले नाहीत. ती मुलगी ज्या घरी कामाला होती तिथे ते गेले आणि विचारलं की नाताळात काय खाल्लं. उत्तर मिळालं: २१ डिसेंबरला घरचं डुक्कर कापलं होतं. थंडीच्या तोंडावर डुक्कर कापून हॅम खारवायचं, सॉसेज भरायचं आणि पुढचे महिने ते पुरवून खायचं, ही तिथल्या खेड्यापाड्यांची रीत. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडया घालतात, तसंच ते वर्षाचं काम. नशीब असं की ते मांस संपलेलं नव्हतं. हॅम होतं, सॉसेज होतं. त्यांनी दोन्ही तपासलं. दोन्हीत ट्रायकिना खचाखच, आणि इथे मात्र सगळे कवचबंद.

त्यांनी आणखी चौकशी केली. त्याच सुमारास घरातली आणखी माणसं आजारी पडली होती. आणि डुक्कर कापायला आलेला खाटीक, ज्याने मांस कच्चं चाखलं होतं, तो तर तीन आठवडे अंथरुणावर, सगळं अंग दुखत, हलता येत नाही अशा अवस्थेत पडून होता. सॉसेज भरताना मीठ-मसाला बरोबर झालाय का ते कच्चं चाखूनच बघतात. आपल्याकडे आमटी झाली की तळहातावर थेंब घेतो ना, तसं.

आता तारखा एका ओळीत मांडून पाहा. २१ डिसेंबरला डुक्कर कापलं. नाताळच्या आसपास मुलीची पोटाची तक्रार सुरू. दाखल होताना बावीस दिवस झालेले, आणि मग स्नायूंची भयंकर दुखणी. सदतिसाव्या दिवशी मृत्यू. कच्च्या मांसातलं कवच जठरातल्या आम्लाने आणि पेप्सिन या पाचकरसाने विरघळतं, अळी सुटते, लहान आतड्याच्या अस्तरात घुसते आणि एक-दोन दिवसांत वयात येते. हा पोटाचा काळ. मादी अंडी घालत नाही, जिवंत अळ्या सोडते. साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून सुरुवात, आणि पुढचे चार ते सहा आठवडे एकेक मादी शेकड्यांनी. या अळ्या लसिकेतून रक्तात, रक्तातून सगळीकडे. पण मुक्काम फक्त ऐच्छिक स्नायूंत: श्वासपटल, जीभ, जबडा, डोळ्याचे स्नायू, दंड. हा स्नायूंचा काळ, दुसऱ्या आठवड्यानंतरचा. आणि स्नायूतलं कवच बांधून व्हायला महिना-सव्वा महिना लागतो. सदतिसाव्या दिवशीही मुलीच्या दंडातल्या अळ्या मोकळ्या का होत्या याचं उत्तर यातच आहे: शेवटच्या काही आठवड्यांत जन्मलेल्या अळ्यांना घर बांधायला सवडच मिळाली नव्हती.

डुकराला मात्र मिळाली होती. त्याला लागण कित्येक आठवडे किंवा महिने आधी झालेली, म्हणून त्याच्या मांसात कवचं पक्की. एका मुलीच्या मृत्यूत त्सेंकरच्या हाती कृमीच्या तिन्ही अवस्था लागल्या: हॅममधली कवचबंद अळी, आतड्यातले आईबाप, दंडातली मोकळी पिल्लं. मधला एक दुवा तुटला असता, म्हणजे हॅम आठवडाभर आधी संपलं असतं, किंवा डॉक्टर त्या घरी गेलेच नसते, तर ट्रायकिना आणखी काही वर्षं भिंतीवरची पालच राहिली असती.

डुकराला लागण कशी झाली, हे त्या घरापुरतं सांगता येत नाही. पण सर्वसाधारण वाट ठाऊक आहे: कापलेल्या दुसऱ्या डुकराचे अवशेष किंवा स्वयंपाकघरातला कच्च्या मांसाचा उकिरडा डुकराच्या पुढ्यात पडणं, किंवा मेलेला उंदीर गट्ट करणं. डुक्कर काही निवडून खात नाही. जनावरात बाहेरून काहीच दिसत नाही, हीच पंचाईत. लागण झालेलं डुक्कर धष्टपुष्ट असतं, बाजारात चांगला भाव घेतं, आणि कापल्यावर मांस डोळ्याला स्वच्छ दिसतं. अळी एक मिलिमीटरच्या आतबाहेर; चुना साचल्याशिवाय नुसत्या डोळ्याला काही कळत नाही. हा रोग जनावरांच्या डॉक्टरला गोठ्यात सापडत नाही, खाटकाला दुकानात सापडत नाही. सापडतो तो आधी माणसाच्या अंगात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

हेडर्सलेबन

एका मुलीचा मृत्यू म्हणजे निबंध. गावाचा मृत्यू म्हणजे कायदा. १८६३ मध्ये हेटश्टेट गावात दीडशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि पंचवीसहून जास्त दगावली. पण खरा हादरा १८६५ च्या शरद ऋतूतला, हेडर्सलेबनचा. प्रशियातल्या या गावात लोक कच्चा डुकराचा खिमा पावावर लावून खायचे, आजही जर्मनीत खातात. त्यातून ३३७ जण आजारी, १०१ मृत. सुरुवातीला लोकांना कॉलऱ्याची भीती वाटली, कारण तो काळच कॉलऱ्याचा. त्सेंकरच्या निबंधाला तोवर पाच वर्षं झाली होती. ज्ञान होतं, ते गावापर्यंत पोचलेलं नव्हतं.

फिर्खो आता हात धुऊन मागे लागले: प्रत्येक कापलेल्या डुकराची सूक्ष्मदर्शकाने तपासणी झालीच पाहिजे. खाटकांनी विरोध केला, आणि त्यांचा राग मला पूर्ण अनाठायी वाटत नाही. तपासणीचा खर्च कुणी द्यायचा? एक डुक्कर फेकायला लागलं तर भरपाई कोण देणार? घरच्या वापरासाठी वर्षाकाठी एक डुक्कर कापणाऱ्याने भिंग कुठून आणायचं? उत्तर हळूहळू मिळालं. गावोगावी ट्रायकिना-तपासनीस नेमले गेले. काही ठिकाणी न्हावी, काही ठिकाणी शाळामास्तर हे जोडकाम करू लागले. बर्लिनचा मध्यवर्ती कत्तलखाना १८८१ मध्ये सुरू झाला तेव्हा तिथे तपासनीसांची फौजच होती, त्यात स्त्रियाही पुष्कळ. काम ठरलेलं: श्वासपटलाच्या खांबांतून ओटच्या दाण्याएवढे तुकडे कापायचे, दोन जाड काचांमध्ये दाबून पारदर्शक होईतो चेपायचे, आणि एकेक खण भिंगाखाली सरकवत बघायचं. दिवसभर. डोळे लाल होईपर्यंत.

श्वासपटलच का? कारण सतत हलणाऱ्या आणि भरपूर रक्त मिळणाऱ्या स्नायूत अळ्या सर्वात दाट असतात. मुलीचा दंड त्सेंकरनी टायफॉइडच्या नादात निवडला होता; तपासनीसाला नादावर विसंबून चालत नाही.

याचा एक उपद्व्यापही झाला. १८८० च्या दशकात जर्मनीने अमेरिकी डुकराच्या मांसावर बंदी घातली, कारण ट्रायकिना. भीती खरी होती, पण बंदीमागे आपल्या शेतकऱ्यांना जपण्याचं राजकारणही तेवढंच होतं. १८९१ मध्ये अमेरिकेने निर्यातीच्या मांसाची तपासणी सुरू केल्यावर बंदी उठली. कृमीने जेवढी माणसं मारली तेवढाच व्यापारही अडवला.

आज युरोपात काचेत चेपून बघण्याची पद्धत मागे पडली आहे. १०० डुकरांच्या श्वासपटलातून प्रत्येकी एक ग्रॅम घ्यायचा, शंभर ग्रॅम एकत्र वाटायचे, पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ४६ ते ४८ अंशांवर ढवळायचं, गाळायचं आणि तळाशी साचलेला गाळ बघायचा. गंमत ही की हे यंत्र दुसरं काही करत नाही; ते मुलीच्या जठराने जे केलं तेच भांड्यात करतं.

आपल्या ताटाशी संबंध किती?

मराठी वाचक विचारील, आपल्याकडे हे कशाला? खरं सांगायचं तर ट्रायकिनेलाची भीती महाराष्ट्रात फार नाही, आणि त्याचं श्रेय सरकारी तपासणीला द्यायचं कारण नाही. ते आपल्या स्वयंपाकाला आहे. आपण कच्चं मांस खात नाही. गोव्यातलं चोरीस, म्हणजे तिथलं डुकराचं सॉसेज, मिरची, मीठ आणि विनेगर घालून मुरवतात, पण खाताना कांद्याबरोबर शिजवतातच. इथे एक गैरसमज मोडायला हवा: मीठ, विनेगर, धूर, वाळवण यांच्यावर ट्रायकिनेलाच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. ड्रेस्डेनच्या मुलीचं सॉसेजही नुसतं ठेवलेलं नव्हतं, मसाला लावूनच भरलेलं होतं. मांसाच्या गाभ्यात ७१ अंश सेल्सिअस पोचले की अळी मरते. पातळ तुकडे उणे १५ अंशांवर वीस दिवस ठेवले की डुकरातली नेहमीची जात मरते. पण अतिथंड प्रदेशातल्या अस्वलासारख्या प्राण्यांतली जात गोठूनही जिवंत राहते. परदेशात शिकारीचं मांस खायला मिळालेल्यांनी हे ध्यानात ठेवावं, तिथे फ्रीझर पुरेसा नाही.

आपल्याकडचा खरा शत्रू दुसरा, डुकराचा पट्टकृमी. विद्यार्थी परीक्षेत या दोघांची हमखास गल्लत करतात, म्हणून फरक सांगून ठेवतो. ट्रायकिनेला माणसात आला की त्याची वाट संपली. माणसाचं मांस कुणी खात नाही, तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. पट्टकृमीचं तसं नाही. ज्याच्या आतड्यात तो आहे तो रोज लाखो अंडी बाहेर टाकतो, आणि ती अंडी हाताने, पाण्याने, न धुतलेल्या भाजीने दुसऱ्याच्या पोटात गेली की अळ्या स्नायूंत आणि मेंदूत पुटी करतात. म्हणून जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही फेफरं येतं आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये पुटी दिसते. ड्रेस्डेनच्या मुलीला रोग डुकराने दिला; आपल्याकडच्या शाकाहारी रुग्णाला तो माणसानेच दिलेला असतो. डुक्कर मधे उभं असतं एवढंच. दोन्हीत स्नायू आणि आतडं आहेत म्हणून ते एकच समजू नका.

उपचाराचं म्हणाल तर १८६० मध्ये काहीही नव्हतं. आज अल्बेंडाझोल किंवा मेबेंडाझोल आतड्यातल्या आईबापांवर चांगलं चालतं, म्हणून पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत दिलं तर मोठा फायदा. स्नायूत शिरलेल्या अळ्यांवर त्याचा जोर कमी. तिथे स्टेरॉइडने दाह आवरायचा आणि हृदयाकडे लक्ष ठेवायचं. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्या दिसल्या की संशय घ्यायचा, हा धडाही पुढचा. १८९७ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या टी. आर. ब्राऊन या तरुणाने ट्रायकिनाच्या रुग्णांच्या रक्तात या पेशी खूप वाढतात हे दाखवलं. ताप, पापण्यांची सूज, अंगदुखी आणि इओसिनोफिल वाढलेले, असा रुग्ण समोर आला तर आज कनिष्ठ डॉक्टरही पहिला प्रश्न विचारेल: गेल्या महिन्यात काय खाल्लं होतंत? तोच प्रश्न, जो त्सेंकरनी मुलगी गेल्यावर तिच्या मालकाच्या घरी जाऊन विचारला होता.

राहता राहिला तो खाटीक. तीन आठवडे पडून राहिल्यावर तो उठला असावा; त्याच्या मृत्यूची नोंद मी वाचलेली नाही. उठला असेल तर दुखणी हळूहळू ओसरली असतील आणि पुढच्या हिवाळ्यात त्याने पुन्हा सुरी हाती घेतली असेल. ज्या दंडाने तो डुक्कर धरत होता, त्या दंडात आता अळ्यांची कवचं पक्की झाली होती. त्या तिथे कित्येक वर्षं जिवंत राहतात.